वरच्या मजल्यावरचा हेर

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात हेरमालिका बघायचं खूळ शिरलं. बेळगावची झड एकदा लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, बाजारात जावंसं वाटत नाही. मुलाने पुण्याहून येऊन टीव्हीला काय काय जोडून दिलं होतं, त्यात ही अमेरिकन मालिका सापडली. ऐंशीच्या दशकातलं वॉशिंग्टनचं उपनगर. नवरा-बायको, दोन मुलं, ट्रॅव्हल एजन्सीचा धंदा. आणि दोघंही सोव्हिएत रशियाचे हेर. त्यांच्या समोरच्याच घरात नवीन शेजारी राहायला येतो, तो निघतो एफबीआयचा. आमच्या हिला पहिल्याच भागात शंका आली, "एवढ्या वर्षांत एकही शेजारीण विरजण मागायला आली नाही काय?" मला उत्तर देता आलं नाही. तिकडे दही विकत आणत असावेत.

गोष्ट अगदीच हवेतली नाही. २०१० च्या जूनमध्ये अमेरिकेत रशियाचे दहा हेर एका दमात पकडले गेले. त्यांत अशी जोडपी होती जी खोट्या नावांनी वर्षानुवर्षं साध्या वस्तीत राहिली, ज्यांची मुलं शेजारच्या मुलांबरोबर शाळेत जात होती. पुढच्याच महिन्यात व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांची अदलाबदल झाली आणि ते मॉस्कोला गेले. शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. ही मालिका रचणारा माणूस स्वतः काही वर्षं सीआयएत नोकरीला होता, त्यामुळे बारकावे झकास आहेत.

आमच्या वरच्या दोन खोल्यांत एक मुलगा भाड्याने राहतो. बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे, तिन्ही पाळ्या करतो. मला 'अंकल' म्हणतो आणि हिला 'मावशी', आता यातलं नातं कुणी जुळवायचं! तर एका रात्री दोन भाग लागोपाठ बघून झाल्यावर साडेबाराला गेटची कडी वाजली. तो पाळीवरून आला होता. वर दिवा लागला, तो एक वाजला तरी चालूच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या नावाचा खोका आला. खोक्यावरचं आडनाव वेगळं, मला दिलेल्या आधारकार्डावरचं वेगळं. तिसऱ्या रात्री मी काय करावं? बैठकीतला दिवा मालवला, चप्पल काढली आणि पडद्याआडून गेटकडे बघत उभा राहिलो. हिने पाठीमागून येऊन बटण दाबलं आणि म्हणाली, "हेर वर नाही, खाली हाय."

खोक्याचं कोडं दोन मिनिटांत सुटलं. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आहे आणि कंपनीच्या कार्डावर गावाचं नाव आहे. आधारवर जे आलं ते टाइप करणाऱ्याच्या मर्जीने. खोक्यात मिक्सरचं भांडं होतं. दिवा चालू होता कारण रात्री एकला तो भात लावत होता.

मला तेव्हापासून वाटायला लागलं आहे की भाडेकरूकडे बघायची आपली नजर हेरमालिकेतली झाली आहे, आणि ती चुकीच्या जागी रोखलेली आहे. जरा विचार करा. घरमालकाला कसा भाडेकरू हवा असतो? पाच तारखेच्या आत भाडं देणारा, पाहुणे न आणणारा, आवाज न करणारा, कागदपत्रं चोख असलेला. ही हेराचीच लक्षणं आहेत. हेराचा कागद कधी चुकत नाही, कारण तो खास बनवून घेतलेला असतो. कागद चुकतो तो सरळ माणसाचा. आमच्या भागात तर हमखास चुकतो. आमचं आडनाव आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत आणि तिथून परत कन्नडमध्ये असा प्रवास करतं. रेशनकार्डावरचे आम्ही आणि पासबुकावरचे आम्ही चुलत भाऊ शोभतो. अशा गावात 'नाव जुळत नाही' म्हणून कुणावर संशय घ्यायचा तर आधी आरशापुढे उभं राहावं लागेल.

तरीही कागद मागण्यात आपण आता फार तयार झालो आहोत. मीच काय काय मागितलं होतं ते सांगतो: आधार, कंपनीचं कार्ड, दोन फोटो, गावाकडचा पत्ता, वडिलांचा नंबर आणि ठाण्यात द्यायच्या फॉर्मवर सही. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, असे आदेश ठिकठिकाणचे पोलीस आयुक्त काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिथे कलम १६३ आहे. या कलमाखालच्या आदेशाचं आयुष्य दोन महिन्यांचं असतं, राज्य सरकारने वाढवलं तर आणखी सहा महिने. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आदेशाला मात्र मरण नाही. परदेशी माणूस ठेवला तर चोवीस तासांच्या आत सरकारला फॉर्म भरून कळवावं लागतं, पूर्वी त्याला 'सी फॉर्म' म्हणत, हे मलेशियाची डॉक्टरीची मुलं ज्यांच्याकडे राहून गेली त्यांना इथे चांगलं ठाऊक आहे. या सगळ्याला माझी हरकत नाही. पोलिसांना माहिती असावी. मी स्वतः फॉर्म दिला आणि पोचही घेतली.

पण त्या खोक्याच्या दिवशी मला एक सुचलं. या मुलाकडून मी एवढं घेतलं, त्याला मी काय दिलं? कपाटातून भाड्याचा बाँड काढला. कोर्टाच्या बाहेर बसणाऱ्या बाँड रायटरने संगणकात तयार असलेल्या मसुद्यात नावं बदलून दिलेला, अकरा महिन्यांचा, इंग्रजीत. मी न वाचता सही केली होती. त्यानेही न वाचता केली होती. आता चष्मा लावून वाचला. भाडेकरूने सोडायचं असल्यास एक महिना आधी लेखी कळवावं. मालकाला हवं असल्यास, कारण न सांगता, केव्हाही. खाली माझी सही, लफ्फेदार.

केव्हाही! म्हणजे मी उद्या सकाळी वर जाऊन 'मने खाली माडी', घर रिकामं करा, म्हटलं तर कागद माझ्या बाजूने आहे. कायद्याने ठरवलेले पंधरा दिवससुद्धा मी त्याच्याकडून काढून घेतले होते आणि मला माहीतही नव्हतं.

हे पंधरा दिवस कुठले, ते सांगायला हवं, कारण आमच्या गल्लीत दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं येतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचं कलम १०६ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर राहण्याच्या घराचा भाडेपट्टा महिनेवारीचा धरायचा आणि तो मोडायला कोणत्याही बाजूने पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. नोटीस लेखी हवी, सहीची हवी. टपालाने पाठवा, हातात द्या, घरातल्या माणसाकडे द्या, काहीच जमलं नाही तर दारावर ठळक जागी डकवा. तोंडी सांगणं यात बसत नाही. पूर्वी ही मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरच्याच दिवशी संपावी लागे. एक दिवस मागेपुढे झाला की वकील तेवढ्यावर दावा उडवून लावत. २००२ च्या अखेरीस ती अट गेली. आता मुदत नोटीस हातात पडल्या दिवसापासून मोजतात आणि दिवस थोडे कमी पडले तरी, दावा पुरेशा दिवसांनी लावला असेल, तर नोटीस बाद होत नाही.

कर्नाटकचा स्वतःचा भाडे कायदा १९९९ चा आहे, ३१ डिसेंबर २००१ पासून लागू झाला. तो भाडेकरूला बरंच संरक्षण देतो. मालकाला कायद्यातलं एखादं कारण कोर्टात शाबित करावं लागतं, त्याशिवाय घर रिकामं करून मिळत नाही. पण त्याला भाड्याची मर्यादा आहे, काही शहरांत महिना साडेतीन हजार आणि बाकी ठिकाणी दोन हजार. त्याच्या वरचं घर त्या कायद्याच्या छत्रीबाहेर. आज टिळकवाडीत किंवा भाग्यनगरात दोन-साडेतीन हजारांत काय मिळतं? स्कूटर लावायला जागा मिळेल कदाचित. म्हणजे व्यवहारात जवळपास प्रत्येक नवा भाडेकरू १८८२ च्या पंधरा दिवसांवर येऊन उभा राहतो, आणि ते पंधरा दिवसही माझ्यासारखा मालक एका ओळीत पुसून टाकतो.

पंधरा दिवसांत काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

मी सहावीत होतो. शहापुरात भाड्याच्या तीन खोल्या, सामाईक विहीर. एप्रिल महिना, माझी परीक्षा दोन दिवसांवर. मालक संध्याकाळी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला आणि उठता उठता वडिलांना म्हणाले, "आमचं पोरगं बिऱ्हाड घेऊन येतंय. तेवढं बघा." किती दिवसांत ते सांगितलं नाही. वडील रोज सायकलवरून खोल्या शोधत हिंडायचे. आठव्या दिवशी मालकांनी विहिरीवरचा रहाट काढून ठेवला. ती आमची नोटीस. आईने ती पहिल्यांदा वाचली, रिकामी घागर घेऊन.

बाराव्या दिवशी हातगाडीवरून बिऱ्हाड निघालं: बंब, पत्र्याच्या दोन ट्रंका, ताटाळं, गाद्यांची वळकटी. त्या काळी बल्ब भाडेकरूचे असत. वडील स्टुलावर चढून एकेक बल्ब काढून वर्तमानपत्रात गुंडाळत होते. स्वयंपाकघरातल्या बल्बला हात घातला तेव्हा आई म्हणाली, तो राहू दे, येणारी बाई अंधारात कुठे चूल शोधेल. वडिलांनी तो ठेवला. मला त्या वेळी आईचा फार राग आला होता.

त्या मालकांना वाईट म्हणायचं माझ्या मनात नाही. त्यांचीही एक भीती होती आणि ती पोकळ नव्हती. १९६१ च्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्यात घर रिकामं झालं की मालकाला सरकारच्या कंट्रोलरला कळवावं लागे आणि कंट्रोलर ते आपल्या मनाने दुसऱ्या कुणाला देऊ शकत असे. एकदा बसलेला भाडेकरू मग पिढ्यान्पिढ्या बसे. माझ्या एका मावशीच्या दोन खोल्यांत असंच कुटुंब होतं. भाडं महिना साठ रुपये, घरपट्टी त्याहून जास्त. कौलं गळायची, ती कौलं मावशीनेच बदलायची. दावा लागला, तारखा पडल्या, मावशी गेली. निकाल तिच्या सुनेने ऐकला. असं ज्यांनी पाहिलं ते मालक कागदाला घाबरणारच. 'लिहून दिलं की अडकलो' ही म्हण झाली आहे आमच्याकडे.

पण भीतीपोटी लिहायचंच नाही, यात मालकाचं भलं होतं का? उलट कोर्टात पहिला मार त्यालाच बसतो. तोंडी सांगितलेली नोटीस ही नोटीस नाही. लेखी दिली, मुदत संपली आणि नंतरच्या महिन्याचं भाडं गुपचूप घेतलं, तर नोटीस सोडून दिली असं धरलं जाऊ शकतं. कलम ११३ मध्ये हेच उदाहरण छापलेलं आहे. आणि वैतागून भाडेकरूच्या दाराला आपलं कुलूप लावलं तर तो सहा महिन्यांच्या आत १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मागू शकतो. तिथे घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच निघत नाही, कायदा सोडून बाहेर काढलं की नाही एवढंच बघतात. नोटीस संपली म्हणजे भाडेकरू गेला असंही नाही. तो गेला नाही तर दावाच लावावा लागतो. आमच्यातल्या पुष्कळ मालकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघतात.

रहाट काढणं, पाण्याची मोटर बंद ठेवणं, जिन्यातला दिवा काढून घेणं, गावाकडच्या पाहुण्यांना वरच्या गच्चीवर आणून झोपवणं, या आमच्याकडच्या चालू नोटिसा. बेळगावात बऱ्याच भागांत राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी वरची टाकी भरायची की नाही हे खालच्या मोटरच्या बटणावर असतं. त्या बटणाइतकी बोलकी नोटीस कुठल्या वकिलाने लिहिलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात मालकाने पाणी-वीज तोडू नये असं स्पष्ट आहे. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेऊ नये असं आहे. आणि एक कलम मला फार आवडलं: मालकाला भाड्याच्या खोलीत शिरायचं असेल तर चोवीस तास आधी कळवावं आणि सूर्योदयाच्या आधी, सूर्यास्तानंतर जाऊ नये. परदेशी पाहुण्याबद्दल सरकारला कळवायला चोवीस तास, आणि आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर जाताना चोवीस तास. दुसरे चोवीस तास ऐकून आमची ही पाच मिनिटं हसत होती, कारण मी वर 'सहज' किती वेळा जातो ते तिने मोजलेलं आहे. अर्थात हा नुसता नमुना. घरं-जमिनी हा राज्यांचा विषय, त्यामुळे तो घ्यायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं.

इथून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की थोड्या वेळात शिनोळी लागते. तिथे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. तिकडे भाड्याचा कायदा तोही १९९९ चाच, पण कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने नोंदवला नाही आणि भांडण लागलं तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, उलट शाबित होईपर्यंत. किती साधी कळ आहे बघा! आळस मालकाने केला तर तोटा मालकाचा. इकडे आम्ही अकरा महिन्यांचा बाँड करतो, तो कशासाठी? एका वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून एक महिना चोरायचा. अख्खं गाव वर्षानुवर्षं अकरा महिन्यांचं वर्ष जगत आहे. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो कधी सुटायचा तेव्हा सुटेल. शिनोळीची एवढी एक चाल इकडे आणायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

याचा खरा फटका कुणाला बसतो ते बघायचं तर वडगाव-खासबागेत जावं. घराच्या पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागे संसार, आणि जागा भाड्याची. तेच कलम १०६ म्हणतं की कारखानदारीसाठी दिलेली जागा असेल तर पट्टा वर्षावर्षाचा धरायचा आणि नोटीस सहा महिन्यांची. वाचून बरं वाटतं. माग काही गादी नव्हे, गुंडाळला आणि नेला असं होत नाही. जमिनीत बसवलेला असतो, त्याच्यासाठी विजेचं वेगळं कनेक्शन असतं, नव्या जागेत तो उभा करून सूत लागेपर्यंत कमाई बंद. सहा महिने लागतातच. पण पुढचंच कलम, १०७, वर्षावर्षाचा पट्टा नोंदवलेलाच हवा म्हणतं. आणि सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये या दोन कलमांची सांगड अशी घातली की नोंदणी नसेल तर कारखान्याची जागाही महिनेवारीचीच. मागवाल्याचा पट्टा कोण नोंदवतो? बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याकडून सूत आणून साडी परत नेऊन देणाऱ्या माणसाला सब-रजिस्ट्रारचं ऑफिस कशाला दिसेल? तर ज्याला सहा महिन्यांची खरी गरज तो पंधरा दिवसांवर, आणि तेही आठवण कुणाला असली तर.

आता जे लिहिणार आहे ते आमच्याच माणसांना लागेल.

आपण मराठी माणसं इथे काय मागत आलो? सरकारी कागद आम्हाला कळेल अशा भाषेत द्या. उतारा मराठीत द्या, नोटीस मराठीत द्या, फलक मराठीत लावा. मागणी रास्त आहे. राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं ठरली त्यात हे आहे की ज्या भागात पंधरा टक्के किंवा जास्त लोक एखादी भाषा बोलतात तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही काढाव्यात. यासाठी निवेदनं दिली, मोर्चे निघाले, लाठ्या खाल्ल्या. मीही मोर्च्यात गेलो आहे. नोटीस म्हणजे नुसता कागद पोचणं नव्हे, समोरच्याला तो कळणं, हे आपणच साठ-सत्तर वर्षं सांगत आलो.

आणि माझ्या वर राहणाऱ्या मुलाला मी काय दिलं? इंग्रजी बाँड. त्याचं इंग्रजी मशीनच्या पॅनेलपुरतं, माझं बँकेच्या फॉर्मपुरतं. त्याचं मराठी आठवडी बाजाराचं, माझं कन्नड बसच्या पाट्यांचं. आम्हा दोघांपैकी एकाच्याही भाषेत तो कागद नव्हता. कार्यालयातून कन्नडमधलं पत्र आलं की मी चिडून ते कुणाकडून वाचून घेतो, तसं त्याने माझा बाँड कुणाकडून वाचून घ्यायचा होता? 'कन्नड आहे की मराठी?' हा प्रश्न मात्र घर दाखवायच्या आधी मी विचारला होता. आडनावही विचारलं होतं. ते कशासाठी विचारतात हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. समोरच्या बाजूचे कन्नड मालकही हेच विचारतात, हे काही उत्तर झालं नाही.

तर माझं मागणं फार मोठं नाही. घरगुती जागेला दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची नोटीस असावी, आणि शाळेत जाणारं मूल असेल तर शाळा सुटेपर्यंत थांबावं. नोटीस लेखी असावी, घेणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत असावी, आणि तिच्यात कारण एका ओळीत लिहावं. पोलिसांच्या फॉर्मबरोबर कराराची प्रत जोडायची सक्ती करा. माणसाची माहिती ठाण्यात जाते, मग त्याला दिलेला शब्दही जाऊ दे. महापालिकेने कन्नड, मराठी आणि इंग्रजी असा तीन भाषांतला एक पानी छापील नमुना ठेवला तर खर्च कितीसा येईल? कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. कलम १०६ 'करारात वेगळं ठरलेलं नसेल तर' असं म्हणतं, म्हणजे करारात आपण चांगलंही ठरवू शकतो. आजवर त्या फटीतून आपण फक्त वाईट आत आणलं.

दोन महिने दिले तर भाडेकरू डोक्यावर बसेल, असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. ज्याला बसायचंच आहे तो पंधरा दिवसांच्या नोटिशीवरही बसतो आणि कोर्टाच्या तारखांवर दहा वर्षं काढतो. दोन महिन्यांनी फरक पडतो तो सरळ माणसांना, आणि वरच्या मजल्यांवर बहुतेक तीच राहतात.

गेल्या महिन्यात अकरा महिने संपले. मी आणि तो मुलगा दोघे मिळून त्याच बाँड रायटरकडे गेलो. मी घरून कच्चा मसुदा नेला होता, एका बाजूला मराठी. कन्नड बाजू त्या मुलाने रात्रपाळीत बसून लिहिली होती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. दोन महिन्यांची नोटीस, दोघांना सारखी. बाँड रायटरने ते पान उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "काका, असं कुणी करत नाही. इंग्लिशमधला तयार आहे, पाच मिनिटांत देतो." मी हाच हवा म्हटल्यावर दोन भाषांचे टायपिंगचे दुप्पट पैसे पडतील म्हणाला. मी पाकीट काढलं तर मुलाने माझा हात धरला आणि कन्नडचे पैसे स्वतः दिले.

मग छापून आलेलं पान घेऊन तो तिथेच बाकावर बसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागला. पाचव्या ओळीवर थांबला. "अंकल, इथे लिहिलंय मालक वर येणार तर आधी फोन करणार."

"हो, मग?"

"कालपण तुम्ही तसंच आला."

बाँड रायटर हसायला लागला. मी म्हटलं, कालचा बाँड जुना होता.